हललेल्या घरांचं गाव

"आमच्या गावात..." असं म्हणून ते फावड्याचा दांडा बर्फात टेकवायचे आणि आपण समजायचं, आता ड्राइव्हवे काही साफ होत नाही. दांड्यानं बर्फावर गावाचं तळं, चर्च, गिरणी काढून व्हायची आणि मग म्हातारा एकेका घरापाशी थांबत जायचा.

इथं अमेरिकेत, श्रूजबरीत आमच्या शेजारचं घर त्यांचं. जन्म इथलाच, नोकरी इथल्याच तारेच्या कारखान्यात. गाव पणजोबांचं, स्वीडनमधलं. हे स्वतः तिथं एकदाच, चार दिवस जाऊन आलेले. तरी तोंडात सतत "आमच्या गावात". तुम्हीच सांगा, डोकं फिरेल की नाही?

खरं सांगतो, मी जळायचो. आमच्या आडनावात 'कर' आहे, म्हणजे गाव असणारच कुठंतरी. वडिलांच्या बँकेतल्या बदल्यांपायी आम्ही सगळीकडे राहिलो, तेवढं एक गाव सोडून. हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "नावातच गाव? नशीबवान आहेस!" जखमेवर मीठ, दुसरं काय.

त्यात आमची रेवा. सख्ख्या आजोबांशी व्हिडिओ कॉलवर नुसतं हाय-बाय. यांना मात्र लाडानं "आजोबा". शाळेत 'एका कुटुंबाचं गाव' असा प्रोजेक्ट आला. मी उत्साहानं गूगल मॅप उघडून बसलो, तर ही बया शेजारी पळालेली.

"अगं, आपलं गाव कर ना!"

"बाबा, बट यू डोन्ट नो एनीथिंग अबाउट इट."

लागलं ते. बायको म्हणाली, "म्हाताऱ्या माणसावर काय जळतोस रे?" जळतो. काय करू?

यंदा मार्चमध्ये ते गेले. त्यांचा मुलगा कॅलिफोर्नियाहून आला होता. चर्चमध्ये तो दोन शब्द बोलला, माझ्या शेजारी येऊन बसला आणि मला न विचारता रेवा उठली.

तिनं सांगितलं, त्या गावातली घरं पूर्वी एकमेकांना खेटून होती. मग सरकारचा हुकूम निघाला: जमिनी एकत्र करा आणि ज्यानं त्यानं आपापल्या शेतात राहा. लोकांनी लाकडी घरं ओंडका-ओंडका सुटी केली, गाड्यांवर घातली आणि नेली. एक म्हातारी तेवढी हलली नाही. संध्याकाळी दारात उभी राहून ती शेजारणींना सवयीनं हाका मारायची, पण ओ द्यायला कुणी उरलं नव्हतं. तिचाच नातू पुढे अमेरिकेला आला. तो आजोबांचा पणजोबा.

पोरीचा अभिमान वाटला. तरी वाटलं, हे असलं काहीतरी तिला माझ्याकडून मिळायला हवं होतं.

"डॅडनी मला हे कधीच सांगितलं नाही," मुलगा हळूच म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलं. चेहरा ओळखीचा होता. दाढी करताना मला रोज आरशात दिसतो तो.

रेवा येऊन आमच्या मधे बसली. तो तिच्याकडे वाकला. "त्या म्हातारीचं नाव काय होतं?"

तिनं त्याच्या कानात सांगितलं. मला ऐकू आलं नाही.

"मला पण सांग ना," मी म्हणालो.