लाईट गेली तरी गाणं चालू

ती केस विसरायला मी कवाचा तयार हाय, पण घरचे विसरू देत नायत. अजून लाईट गेली की आमची बायको माझ्याकडं बघून पदर तोंडाला लावती. आता रिटायर झालो, पेन्शन चालू हाय, म्हणून सांगून टाकतो. नावं कोणाची घेणार नाय. गाढवपणा कोणी केला ते तुम्हाला कळंलच.

मी भरती झालो तवा उंची मोजली, छाती मोजली, पळवून बघितलं. डोकं कोणी मोजलं नाय, म्हणून लागलो. शाळेशी माझं कधी जमलंच नाय. पुढं शिपायाचा जमादार झालो आन् शेवटाला सहायक फौजदार, ते वय वाढत गेलं म्हणून. ही गोष्ट जमादार होतो तवाची, वाळूजकडच्या एका ठाण्यातली.

सकाळची हजेरी झाली होती. मी अंमलदाराच्या टेबलावर बसून चहाची वाट बघत होतो. एक बाई आली, बजाजनगरची. दिवसा कंपनीत पॅकिंगला जायची आन् संध्याकाळी बायांची भीमगीतांची पार्टी चालवायची.

"जयभीम साहेब. पार्टीतल्या सगळ्या बायांनी वर्गणी काढून गाण्याचा जुना सेट घेतला, मोबाईलवर जाहिरात बघून. घरी आणून खोलला तर आत विटा."

"विटा?"

"व्हय. दोन्ही स्पीकरच्या डब्यात. वरून जाळी, आत विटा."

"बाई, घेताना वाजवून नाय बघितला?"

"बघितला की! भिंती हालत व्हत्या."

"म्हणजे विटा वाजल्या?" असं म्हणून मी हसलो. शेजारचा शिपाई पण हसला. बाई हसली नाय.

"हसा साहेब. पण पार्टीतल्या बाया म्हणतात, हिनं त्या माणसाशी मिळून पैसे खाल्ले. सेट मीच पसंत केला, मीच घरी आणला. आता तालमीला मला कोणी बोलवत नाय. जयंतीचा महिना तोंडावर आला आन् माझ्याच पार्टीत मी चोर झाले. माझ्यावरचा हा आळ काढा, बाकी काय नको."

माझं हसू तिथंच थांबलं. फिर्याद घेतली, गुन्हा दाखल केला. जिथं सेट घेतला त्या गाळ्यावर गेलो तर शटर बंद. मालक म्हणला, थोड्या दिवसांसाठी भाड्यानं दिला होता, माणूस गेला. फोन लावला तर बंद. तपास तिथंच बसला, आन् माझ्यासारखाच बसला, हालायचं नावच घेईना.

मग एक दिवस बाई पुन्हा आली. ह्या टायमाला पळतच. मोबाईल माझ्या नाकापुढं धरला.

"साहेब, हे बघा. नवीन जाहिरात. माणसाचं नाव दुसरं, नंबर दुसरा, सेट दुसरा. पण मागचा पडदा बघा."

मी बघितला. मोरपंखी पडदा.

"असले पडदे लई असतात, बाई."

"खालच्या कोपऱ्यात इस्त्रीनं जळलेला डाग बघा. अर्धा घंटा त्या डागाकडं बघत गाणं ऐकलंय मी."

आमच्या मोठ्या साहेबांना दाखवलं. साहेब तरणे होते, हुशार. म्हणले, "जमादार, गिऱ्हाईक बनून मेसेज टाका. साधं बोला. शंका येऊ देऊ नका."

आता माझी अडचण सांगतो. मला मराठी दोनच येतात. एक घरची आन् एक पंचनाम्याची. बोलताना पहिली येती, लिहायला बसलं की दुसरी. सारी नोकरी पंचनामे लिहिण्यात गेली, हाताला दुसरं वळणच नाय. मी लई विचार करून मेसेज टाकला: "सदर स्पीकर चालू स्थितीत आहेत काय? असल्यास किंमत कळविणे. समक्ष पाहणीकामी हजर राहण्याचे ठिकाण व वेळ नमूद करावी."

लगेच उत्तर आलं. "नमस्कार साहेब. ठाणं कोणतं?"

आन् मी येडा, ठाण्याचं नाव टाईप करायला लागलो होतो. आमच्या गाडीच्या ड्रायव्हरनं मागून माझा हात धरला. शहागंजातला माणूस, जिभेला हाड नाय. म्हणला, "जमादार साब, इत्ते अदब से तो कोर्ट में भी नै लिखते. अब समन्स भी भेज दो उसको."

जाहिरात गायब झाली. साहेबांनी माझ्या हातातला मोबाईल हळूच काढून टेबलावर पालथा ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चार-आठ दिवसांनी तोच पडदा तिसऱ्या नावानं वर आला. ह्या टायमाला मी फोन बायकोच्या हातात दिला. म्हणलं, तू भजनी मंडळाची बाई हायस, बोल. तिनं त्याला बोलून मेसेज पाठवला, "दादा, एवढ्यात तर नवा येतो! आमच्या मंडळात सगळ्या म्हाताऱ्या. काय कमी करता ते नीट सांगा, नायतर राहू द्या." तो कमी करायला लागला. मग ही म्हणती, माईक त्याच्यातच द्या. मग म्हणती, माईकचं स्टँड. मग टेम्पोचं भाडं पण तुमचंच. तो माणूस रडकुंडीला आला, पण शंका म्हणून नाय आली. एवढी घासाघीस पोलीस करत नसतो, हे त्याला पक्कं माहीत होतं. शेवटी मलाच तिला आठवण द्यावी लागली, "अगं, आपल्याला सेट नको, माणूस पायजे."

"मग स्टँड तरी राहू द्या," ती म्हणली.

ठिकाण मिळालं पडेगावचं, दौलताबाद रोडच्या आत एक गाळा. दुपारी साहेब, ड्रायव्हर आन् दोन पंच समोरच्या चहाच्या हॉटेलात बसले. ठरलं असं, की माणूस ओळखला आन् त्यानं सेट वाजवून दाखवला की मी ड्रायव्हरला मिस्ड कॉल द्यायचा. बाईला माझी बहीण करून सोबत घेतली. तिनं तोंडाला स्कार्फ बांधलेला. आपल्याकडं गाडीवरून उतरलेल्या बाईच्या तोंडाला स्कार्फ नसला तरच माणूस बघतो.

आत गेलो. माणूस लई गोड. "या काका, बसा ताई." खुर्च्या दिल्या, थंड पाणी दिलं. बाईनं मला कोपरानं ढोसलं. म्हणजे हाच तो. समोर दोन उंच काळे डबे, मधे मिक्सर, त्याच्यावर लाल दिवा, मागं तो मोरपंखी पडदा. त्यानं बटन दाबलं आन् असा आवाज निघाला की माझ्या छातीतली हाडं वाजली. खरं सांगतो, मी कशाला आलोय तेच विसरलो. पाय आपोआप ताल धरायला लागला. मनात आलं, ह्या बाईचीच काहीतरी चूक झाली असंल. एवढा खणखणीत सेट खोटा कसा असंल?

"काका, अजून एक पार्टी निघालीय घ्यायला," तो कानाशी येऊन वरडला. "तुम्ही पहिले आलात म्हणून तुम्हाला. लगेच पॅक करतो. घरी जाईपर्यंत खोलू नका, धूळ जाती."

तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला. ट्यूब विझली. मिक्सरवरचा लाल दिवा विझला.

आन् गाणं चालू! तेवढ्याच जोरात, एक सूर कमी नाय.

मी टाळीच वाजवली. "वा वा! ह्याला बॅटरी बॅकअप पण हाय का?"

तो माणूस आधी पांढरा पडला होता. माझं ऐकून त्याच्या जिवात जीव आला. "व्हय काका, व्हय! इनबिल्ट हाय!"

बाई म्हणली, "भाऊ, दिवा विझलाय."

"अगं, बॅटरी वाचवायला विझत असंल."

बाईनं माझ्याकडं असं बघितलं की स्कार्फमधून नुसते डोळे दिसत होते तरी शिवी कळाली. ती उठली, डब्याच्या मागं गेली आन् सगळ्या वायरी उपटून माझ्या मांडीवर आणून टाकल्या. गाणं चालूच. "आता ह्याला कशाचा बॅकअप हाय, भाऊ?"

तवा कुठं डोक्यात उजेड पडला. मी मिस्ड कॉल द्यायच्या ऐवजी सरळ पडद्यावर उडी घेतली. पडदा दांडीसकट खाली आला, दांडी माझ्या टाळक्यात आन् पडदा माझ्या अंगावर. पडद्यामागं खरा सेट ठेवलेला, इन्व्हर्टरवर दणदण वाजत होता. तो माणूस शटरकडं पळाला. बाईनं आधीच शटर खाली ओढून त्याच्यावर पाठ टेकली होती आन् गाण्याच्या वर आवाज काढून वरडत होती. गाणाऱ्या बाईचा आवाज तो, हॉटेलपर्यंत गेला. साहेबांनी बाहेरून शटर उचललं आन् त्याला जागेवर धरला. ड्रायव्हर अंधारात घुसला, पडद्यात कोणीतरी धडपडतंय असं दिसलं, म्हणून त्यानं त्याला एक ठेवून दिली. तो मी होतो.

"माफ करना जमादार साब," तो म्हणला, "मुझे लगा चोर है." पण हात लई मनापासून पडला होता.

पंचनामा झाला, दोन्ही सेट जप्त झाले. ठाण्यात आणल्यावर त्या माणसानं फार तंगवलं नाय. साहेबांनी चहा पाजला आन् तो बोलायला लागला. पूर्वी लग्नातल्या ऑर्केस्ट्रामागं साउंड लावायचा.

"साहेब, लोक कानानं ऐकतच नायत," तो म्हणला. "डोळ्यानं ऐकतात. समोर डबा ठेवला की आवाज डब्यातूनच येतोय असं वाटतं. आन् आवाज लई मोठा ठेवायचा. मोठ्या आवाजात माणूस विचार करत नाय, घरात कुठं ठेवायचा तेच बघतो."

"मग इन्व्हर्टर कशाला लावला?"

"लाईटीचा भरवसा नाय. गिऱ्हाइकासमोर गाणं बंद पडलं तर सौदा मोडतो." मग माझ्याकडं बोट करून म्हणला, "पण ह्या काकांनी तर विटांची पण गॅरंटी मागितली असती."

साहेब हसले. मी पण हसलो. न हसून सांगतो कोणाला?

पैसे बरेचसे त्याच्या घरून जप्त झाले. बाईला म्हणलं, कोर्टाचा हुकूम झाला की मिळतील. ती म्हणली, "मिळतील तवा मिळतील. तुम्ही आधी आमच्या गल्लीत चला."

गेलो. वर्दीत गेलो ही चूक झाली. मला बघून बाया म्हणल्या, "घ्या, आले हिला न्यायला!" त्यांच्यात एक मावशी होती, पार्टीत ढोलकी वाजवायची. सगळ्यात जास्त बोलणारी तीच. "जमादार, आम्हाला एवढंच सांगा," ती म्हणली, "समोर वाजलेला सेट विटांचा निघतो कसा? हिला कळालं नाय हे आम्ही कसं मानावं?"

कायद्याचं बोललो असतो तर कोणी ऐकलं नसतं. म्हणून जे घडलं ते सगळं सांगितलं. सदर स्पीकर सांगितला, ताल धरला ते सांगितलं, टाळी सांगितली, बॅटरी बॅकअप सांगितला, पडद्यातला मार सांगितला. चोर पकडायला गेलेला पोलीस, आधीच माहीत असून, त्याच डब्यापुढं फसला. "तुमच्या ह्या बाईनं वायरी उपटल्या नसत्या तर मी तो सेट गाडीत घालून साहेबांपुढं नेला असता, पुरावा म्हणून नाय, कौतुकानं."

आधी एक बाई हसली. मग सगळी गल्ली हसली. आन् मग काय झालं बघा, कोपऱ्यातली एक म्हणली, मी पण मोबाईल घेतला होता तसाच, आत नुसता साबण निघाला, घरात सांगितलं नाय अजून. दुसरा एकजण म्हणला, माझ्या कूलरचं पण तसंच झालं. मी तिथंच ओट्यावर बसून तक्रारी लिहून घेतल्या. एवढी वर्षं ही माणसं आमच्या ठाण्यासमोरून येत-जात होती, आत कोणी आलं नव्हतं.

मला ह्या केसनं काय शिकवलं ते सांगतो. जुनी वस्तू घेताना वायर काढून बघा, आवाज बंद झाला पायजे. मागचं झाकण खोलून बघा. आपलंच गाणं लावा आन् हळू लावा. दुसरं गिऱ्हाईक निघालंय म्हणला की त्याला म्हणा, येऊ दे की, आम्ही बसतो. हे झालं सेटचं. पण फसलेल्या माणसाला मार लागतो तो लाजेचा. आन् ठाण्यातला पोलीस "विटा वाजल्या का" म्हणून हसला, की ती लाज घेऊन माणूस घरी जातो आन् चोर मोकळा फिरतो. आपण स्वतःवर हसलो की समोरच्याचं तोंड उघडतं. ह्याच्यात मला काय मेहनत पडली नाय, माझ्याकडं साठा होता.

मी निघालो तवा मावशी बाईजवळ गेली. माफी-बिफी काय मागितली नाय. नुसतं म्हणली, "तालीम सात वाजता हाय. उशीर केलास तर मी सुरू करणार नाय." बाईनं डोळ्याला पदर लावला.

मग मावशी माझ्याकडं वळली. "जमादार, पैसे आले की आम्ही सेट घ्यायला जाऊ. तुम्ही यायचं बरं का सोबत."

मला लई बरं वाटलं. म्हणलं, "येतो की मावशी. बंदोबस्ताला?"

"नाय हो," मावशी म्हणली. "तुम्हाला जो आवडंल, तो सोडून दुसरा घेऊ."