चुन्याची फुली

थावराकाका कुठल्याही लाकडाला करवत लावायच्या आधी त्याची हजेरी घेत. कटर मशीन खाली जमिनीवर, गुलाबी टॉवेल डोक्याला गुंडाळलेला आणि हातात लहान कुऱ्हाड. आधी साल बघायची, मग ओंडक्यावरून एक ढलपी उडवायची, नाकाशी धरायची, जिभेच्या टोकाला लावायची आणि मोठ्याने नाव घ्यायचं. "बाभूळ!" पुढचा ओंडका. "हिवर!" त्याच्या पुढचा. "धावडा, अन् तेबी जुना!" सगळ्यांची नावं घेऊन झाली की मगच मशीनची दोरी ओढायची. मीही मास्तर, रोज हजेरी घेतो. पण माझ्या वर्गातल्या लेकरांकडे मी इतकं निरखून क्वचितच पाहिलं असेल.

हे आधी सांगितलं, कारण याच माणसाबद्दल आमच्या शाळेच्या दप्तरात एक कागद लावलेला आहे. त्याला लाकूड ओळखता आलं नाही, असं त्यावर लिहिलं आहे. अक्षर माझं आहे. त्या कागदाची आठवण झाली की अजून तळपायाची आग मस्तकाला जाते, आणि त्यातला निम्मा राग माझा मलाच येतो.

आमची शाळा पुसेगावाहून थोडं आत. थावराकाकांचा तांडा माळाच्या पलीकडे, पायी अर्ध्या तासावर. वैशाखातल्या वादळात शाळेच्या आवारातला मोठा कडुनिंब भिंतीवर आडवा झाला, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा बोलावलं. सुट्ट्या होत्या, मुख्याध्यापक त्यांच्या गावी, शाळेची किल्ली माझ्याकडे. थावराकाका आले, झाडाभोवती एक चक्कर मारली आणि मशीन बाजूला ठेवून कुऱ्हाडीच्या तुंब्याने, म्हणजे मागच्या बोथट बाजूने, खोड ठोकत बसले. मी म्हटलं, काका, निंबच आहे, यात काय ओळखायचं? ते म्हणाले, "निंब तर हायच गुरजी. पर पोटात काय काय हाय ते इचारून राहिलो."

पोटात खिळे होते. किती वर्षांचे फलक, पताका, झेंड्याच्या तारा त्या झाडाला ठोकल्या होत्या कोण जाणे. साल वाढून सगळं आत गिळलेलं. ठोकता ठोकता आवाज बदलला की काका थांबत, तिथे कुऱ्हाडीने खाच पाडून खिळा उपसत. साखळी खिळ्यावर गेली तर तुटून तोंडावर येते, हे मला त्या दिवशी कळलं. दुपारपर्यंत डालड्याचा एक जुना डबा गंजलेल्या खिळ्यांनी भरला. तो माझ्या हातात देत काका हसले. "ह्या झाडानं तुमच्यापेक्षा जादा शाळा शिकली बघा. समदं पोटात ठिवलंय."

मशीनवर त्यांचा जीव होता, पण विश्वास नव्हता. कानस घेऊन साखळीचा एकेक दात घासत बसले की तेच एक वाक्य बोलत. "मशीन आंधळी हाय गुरजी. तिला समदं लाकूड सारखंच. डोळे आपले आपुन लावायचे." वड, पिंपळ, उंबर तोडायला कुणी बोलावलं तर सरळ उठून जायचे. फोडायच्या वेळी मात्र मशीनला हातही लावत नसत. ओंडका उभा करायचा, माथ्यावरची बारीक चीर शोधायची, तिथे पाचर बसवायची आणि घणाचे दोन घाव. चिंचेचं लाकूड पिळाचं, आम्ही दोन शिक्षकांनी घाम गाळूनही फुटलं नव्हतं. काकांनी ते उलटं केलं आणि एका घावात उघडलं. "बुडाकून फोडता मंग कसं फुटंल? त्याला इचारा तर खरं!"

एकदा त्यांनी माझी परीक्षा घेतली. पायरीवर पाच ढलप्या मांडल्या आणि म्हणाले, सांगा. मी डोळे मिटून हुंगल्या, चाखल्या, नखाने टोकरल्या. बाभूळ आणि निंब आले. सालईला आंबा म्हणालो. शिरसाच्या भुशाने शिंका सुरू झाल्या तरी मला शिरस कळला नाही. "नापास," काका म्हणाले, "पर वरच्या वर्गात ढकलतो. तुमीबी पोरांना ढकलताच की."

निंब आटोपतो तोच शाळा समितीच्या अध्यक्षांनी एक ट्रॉलीभर लाकूड आवारात ओतलं. त्यांच्या माळावरचं रान साफ केलं होतं, त्यातलं. शाळेच्या स्वयंपाकाला गॅसची टाकी वेळेवर येत नसे, तेव्हा चुलीला जळण म्हणून त्यांनी ते दिलं, आणि देताना फोटोही काढून घेतला. काकांनी हजेरी सुरू केली. पळस, मोई, बाभूळ. सातव्या की आठव्या ओंडक्याशी त्यांनी ढलपी काढलीच नाही. सालीवरून ओघळून वाळलेला काळा डाग पाहिला आणि दोन पावलं मागे सरले.

"बिब्बा हाय," ते म्हणाले. "हात लावू नका. चुलीत गेला तर धूर आंगावर उततोय. त्वांड असं सुजंल की आई वळखणार न्हाई."

त्यांनी हाताला तेल चोपडलं, पोतं गुंडाळलं आणि बिब्ब्याचा एकेक ओंडका वेगळा काढला. मशीन लावलं नाही. शाळेच्या मागच्या भिंतीशी ढीग रचला, वर जुना पत्रा टाकला आणि प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर चुन्याची फुली मारली. मग मला तिथे नेऊन दाखवलं. "पेरणी झाली की मी बैलगाडी आणतो अन् नाल्यापल्याड नेऊन पुरतो. तंवर कौसाबाईला सांगा, फुलीच्या लाकडाला शिवायचं न्हाई. सांगताल ना?"

मी हो म्हणालो. एवढंच काम होतं माझ्याकडे, एक वाक्य सांगायचं. शाळा उघडली, प्रवेश, पुस्तकं, याद्या, आणि मग प्रशिक्षणासाठी मी तीन दिवस हिंगोलीला गेलो. कौसाबाई, म्हणजे आमच्या शाळेची स्वयंपाकीण, माझ्यासमोरून रोज पाण्याची कळशी घेऊन जात होती. मला आठवलं नाही.

त्याच तीन दिवसांत अध्यक्ष शाळेत फेरी मारून गेले. पाऊस लागलेला, चुलीपाशी ओलं जळण धुमसत होतं आणि मागच्या भिंतीशी पत्र्याखाली खडखडीत वाळलेल्या लाकडाचा ढीग. थावरा पेरणीनंतर बैलगाडी आणणार, एवढं त्यांच्या कानावर आलं होतं, पण कशासाठी ते त्यांनी कुणाला विचारलं नाही. त्यांना विचारायची गरजच वाटली नाही, कारण तांड्यावरचा माणूस वेगळं लाकूड झाकून ठेवतो म्हणजे कशासाठी ठेवतो, हे त्यांना जन्मापासून ठाऊक होतं. "शाळेचा माल दाबून ठिवलाय बघा. पेरणी झाली की गाडी घेऊन येणार म्हणे! मी काय खुळा हाय काय?" असं मोठ्याने म्हणत त्यांनी मजूर लावून ते सगळं फोडलं आणि चुलीजवळ रचून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसाबाईने चूल पेटवली. खिचडी शिजेपर्यंत तिच्या हाताला खाज सुटली आणि शाळा सुटायच्या आत तिचे दोन्ही डोळे सुजून मिटले. चुलीजवळच्या वर्गातल्या पोरांच्या तोंडावर लाल पुरळ उठलं. मी हिंगोलीहून परत आलो तेव्हा कौसाबाई घरी अंधाऱ्या खोलीत पडली होती, अंगाला खोबरेल चोपडलेलं. तिला मी आवाजावरून ओळखलं, चेहऱ्यावरून ओळखता येत नव्हतं. थावराकाका माझ्या आधी येऊन गेले होते, तेल आणि सुकं खोबरं घेऊन.

मग तालुक्याहून साहेब आले. खुर्च्या मांडल्या, चहा झाला. मुख्याध्यापकांनी हात झटकले, ते सुट्टीत गावी होते. अध्यक्ष म्हणाले, "गुरुजी, तुमचं अक्षर चांगलं हाय, तुमी लिहा." आणि सांगायला लागले. सरपण तोडणाऱ्या इसमास विषारी लाकूड ओळखता न आल्याने ते चांगल्या लाकडात मिसळले गेले. मी लिहिलं! हात थांबला नाही, पेन थांबलं नाही. कारण खरं सांगायचं तर पुढचा प्रश्न आला असता की बाजूला काढलं होतं हे तुम्हाला माहीत होतं, मग तुम्ही सांगितलं का नाही? त्या एका प्रश्नाला घाबरून मी त्या कागदावर सही केली. कौसाबाईचा जबाब कुणी घेतला नाही. तिचं तोंड सुजलं होतं, एवढंच तिच्याबद्दल कागदावर आलं.

आणि बेशरमपणा पाहा. गावात पारावर हेच अध्यक्ष सांगत फिरत होते की थावराने चांगलं लाकूड चोरून न्यायला बाजूला काढलं होतं. मग ते मिसळलं कुणी? बाजूला काढलं असेल तर ओळखलं होतं, आणि ओळखलं नसेल तर बाजूला कसं निघालं? शाळेत चौथीच्या पोराला विचारलं तरी त्याने हे सांगितलं असतं. पण आमच्या गावात हा प्रश्न एकानेही विचारला नाही, कारण दोन्ही आरोप तांड्यावरच्या माणसावर होते.

काही दिवसांनी थावराकाका शाळेत आले. पायरीच्या वर चढले नाहीत. कागदात काय लिहिलंय ते त्यांच्या कानावर गेलं होतं.

"गुरजी, थावरा चोर हाय असं लिहा," ते म्हणाले. "गाव तेच बोलून राहिलंय, आमाला त्याची सवय हाय. पर थावराला बिब्बा वळखू आला न्हाई, असं काहून लिवलं तुमी?"

मी म्हटलं, काका, अध्यक्षांनी सांगितलं तसं...

"तुमच्यासमोर फुली मारली व्हती ना?"

"हो."

"मंग तेवढी येक वळ खोडा. बाकीचं ऱ्हाऊ द्या."

दप्तरातला कागद असा खोडता येत नाही, असं मी त्यांना समजावलं. चांगलं अर्धा तास समजावलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले आणि उठून गेले. त्यानंतर त्यांना कुणी लाकडाला बोलावेना. आधी आसपासच्या गावांत भंडारा असला, अगदी नरसीच्या यात्रेच्या वाटेवर पंगत असली, तरी कढईखाली कुठलं लाकूड घालायचं ते काकांना विचारलं जाई. आता लोक शहरातून दुसरा कटरवाला आणू लागले. तो ओंडक्याकडे न बघताच मशीन चालवतो. काकांनी आपलं मशीन पोत्यात बांधून आढ्याला टांगलं.

दिवाळीनंतर मला राहवेना. जे घडलं ते सगळं मी एका कागदावर लिहिलं, माझी चूक धरून, खाली सही केली आणि रविवारी सकाळी तांड्यावर गेलो. काका अंगणात उन्हाला बसले होते, बरेच वाळलेले. चार बायाबापड्या जमल्या. मी उभा राहून अख्खा कागद वाचला. वाचताना, खोटं कशाला बोलू, मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं. वाचून झालं. काकांनी विचारलं,

"शाळेत वाचलं का हे?"

"नाही अजून."

"मंग हितं काहून वाचता? हितं समद्यांना म्हाईत हाय, गुरजी."

काकीने चहा दिला, तो मी प्यालो आणि पुढच्या सभेत वाचतो असं सांगून निघालो. पुढची सभा लांबली. मग तपासणी आली, मग स्नेहसंमेलन आलं. दर वेळी वाटायचं, आता नको, एवढं होऊन जाऊ दे. माघात काकांना ताप भरला आणि चार दिवसांत ते गेले.

मी गेलो होतो. तांड्यातले लोक सरण रचत होते आणि काकी एका बाजूला बसून होती. तिला हुंदका आवरत नव्हता, तरी लाकूड उचललं की ती त्याचं नाव घ्यायची. बाभूळ. बाभूळ. निंब. एका लाकडाशी ती थांबली, उचलणारा ते घेऊन तिच्याजवळ आला, तिने हुंगलं आणि नको म्हणून मान हलवली. मी मागे उभा होतो, पुढे जायची माझी हिंमत झाली नाही.

त्यानंतर आठवड्याने सभा झाली. मी कागद वाचला. अध्यक्षांनी मध्येच फोन उचलला, बोलून ठेवला आणि म्हणाले, "गेलेल्या माणसाचं कशाला उकरता गुरुजी? बसा." मुख्याध्यापकांनी माझा कागद दप्तराला लावून घेतला नाही. सभेच्या वहीत ओळ पडली: इतर विषय, सरपणाबाबत किरकोळ चर्चा झाली. किरकोळ! मी वही आपटली, आवाज चढवला, पण माणसं उठायला लागली होती.

दारात कौसाबाई उभी होती. तिच्या मनगटावर अजून काळसर डाग आहेत. सगळे गेल्यावर ती म्हणाली, "फुलीचा तुकडा मी पाह्यला व्हता गुरजी. चुलीत घालताना हातातच व्हता माझ्या. मला वाटलं, साहेबलोकांची काही खूण असंल. तिचा अर्थ मला कुणी सांगितलाच न्हाई."

तो सांगायचं काम माझ्यावर होतं. शाळेच्या दप्तरात माझा कागद लागला नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. थावराकाकांनी बिब्बा ओळखला होता. माझ्यासमोर ओळखला होता.