आबांच्या मनगटावरचं घड्याळ

घड्याळाच्या रबरी पट्ट्याला घामाचा आंबट वास आला की धरणगावचा आमचा ओटा आठवतो. धुळ्यातली नोकरी सांभाळून मी पोहायचो, सायकल चालवायचो, पळायचो; किती पळायचं, कधी थांबायचं, सगळं ते घड्याळ सांगायचं. सुट्टीत घरी आलो असताना एका संध्याकाळी गंमत म्हणून ते वडिलांच्या मनगटावर बांधलं, तर हृदयाचे ठोके मिनिटाला दीडशेच्या वर. "मी ते नुसता बसेल शे," ओट्यावर निवांत बसलेले आबा म्हणाले. कापूस वेचून राठ झालेल्या हातावर चुकत असेल, म्हणून मी ते काढून घेतलं. ते ठोके माझेच समजून घड्याळाने सकाळी सांगितलं, आज पूर्ण विश्रांती. मी मुकाट्याने झोपून राहिलो आणि आबा शेतात गेले. दुपारी त्यांना खाटेवर घालून आणलं, तोवर हृदय थांबलं होतं. त्या संध्याकाळच्या ठोक्यांचा आलेख घड्याळात अजून माझ्याच नावावर आहे.