आठवी शर्यत

डुक्कर आमच्या घरात पहिल्यांदा आलं ते टीव्हीवर. चारचाकी गाडीत बसलेलं, डोक्यावर टोपी. मागून कुणी धडकलं की जीभ बाहेर काढून गाडीतून धूर सोडायचं. टीव्ही काळापांढरा होता, पण टोपी लाल आहे हे आम्हाला कॅसेटवरच्या चित्रावरून माहीत होतं. आई गहू निवडत बसली होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "ए, ते डुक्कर बंद करा आधी. घरात नको ते."

"काकू, ते टीव्हीत हाय," माझी मैत्रीण म्हणाली.

"आन् टीव्ही कुठं हाय मग?"

आम्ही आवाज तेवढा बारीक केला आणि डुक्कर पळतच राहिलं.

आम्ही तेव्हा येलदरीच्या धरणाजवळ सरकारी वसाहतीत राहत होतो. वडील कालव्याच्या कामावर कारकून होते. मैत्रिणीचे वडील वीजघरात कामाला, आणि त्यांचं क्वार्टर आमच्याच ओळीत, अगदी शेवटचं. मधे पन्नास पावलं. आमचं गाव वालूरच्या बाजूचं, थोडीफार शेती आणि शेतीपेक्षा मोठा तोरा. ते लोक बौद्ध. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, पण वसाहतीतल्या प्रत्येक पोराला पाढ्यासारखं पाठ होतं. आम्ही दोघी सातवीत, एका बाकावर.

ते खेळाचं मशीन तिच्या मामानं मुंबईहून आणून दिलं होतं. तिच्या घरी टीव्ही नव्हता. आमच्या घरी टीव्ही होता, बाकी काही नव्हतं. त्यामुळे दुपारी शाळा सुटली की ती मशीन कापडी पिशवीत घालून, रिमोटच्या वायरी हाताला गुंडाळून मागच्या दारानं यायची. पुढचं दार मोठ्यांसाठी, असं आई म्हणायची. वसाहतीतल्या बाकीच्या पोरी पुढच्या दारानं येत, तेव्हा मात्र आई काही म्हणत नसे.

खेळ होता गाड्यांच्या शर्यतीचा आणि गाड्या हाकायची जनावरं. पडद्यावरची अक्षरं कुठल्या देशाची होती कोण जाणे, आम्हाला एकही वाचता आलं नाही. आम्ही आपले नियम खेळून खेळून शोधले. बोकड पुढे गेला की वाटेतली निशाणं खात सुटायचा. उंट चालता चालता मधेच बसायचा आणि कुणी धडक दिल्याशिवाय उठायचा नाही. बदक शेवटच्या वळणावर हमखास उडायचं, हा तर निव्वळ अन्याय होता. मी कायम ससा घ्यायची. ससा वेगात पळे, पण कुणाचा नुसता धक्का लागला की रस्त्याबाहेर. ती कायम डुक्कर घ्यायची. का, असं मी एकदा विचारलं.

"त्याला कुणी ढकलू शकत न्हाई," ती म्हणाली.

दोघींनी मिळून खेळायचं तर पहिला आणि दुसरा, दोन्ही नंबर आपलेच यायला हवेत. एक जण जरी तिसरी आली की सगळं पुन्हा पहिल्या शर्यतीपासून. अशा आठ शर्यती. मशीन बंद केलं तरी सगळं पुसलं जायचं, म्हणून आठही एका बैठकीत. तापू नये म्हणून आम्ही त्याच्यावर टेबलफॅन लावत होतो आणि स्वतः घामाघूम बसत होतो. आमची रीत ठरलेली होती. डुकरानं मागं राहून उंटाला, बोकडाला अडवायचं आणि सशानं पुढं पळायचं. शेवटच्या वळणावर ससा थोडा थांबायचा आणि डुक्कर आलं की दोघं जोडीनं रेषा ओलांडायचे. थांबायची काही गरज नव्हती खरं तर. पण आम्हाला तसं आवडायचं.

आठव्या शर्यतीपर्यंत आम्ही त्या हिवाळ्यात तीनदा पोचलो आणि तीनदा पुलावरून नदीत पडलो.

मधे चहा व्हायचा. तिचा कप वेगळा होता. चांगला होता, निळ्या फुलांचा. आईला त्याचा अभिमानच वाटे, की बघा, आम्ही काही फुटका कप देत नाही. पण तो कप न्हाणीच्या खिडकीत असायचा. ती चहा प्यायची, कप स्वतः विसळायची आणि खिडकीत परत ठेवायची. एकदाही चुकली नाही. मी ते रोज बघत होते आणि रोज पडद्याकडे तोंड करत होते.

आणि मी तिच्या घरी काय करत होते? मी तिच्या घरी जेवत होते. तिची आई, जिला मी मावशी म्हणायची, चुलीवरची भाकरी आणि लसणाचा तिखट भुरका माझ्यापुढं ठेवायची आणि मी जन्माची उपाशी असल्यासारखी खायची. मावशीच्या हातच्या शिऱ्यासाठी तर मी वाटेल ते सोंग केलं असतं. खाऊन झालं की मी मैत्रिणीला म्हणायची, "माझ्या घरी सांगू नको हं." ती म्हणायची, "न्हाई सांगत." तिनं कधीच सांगितलं नाही.

त्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचं पुन्हा पेटलं. आम्ही जन्मलो तेव्हापासून ते भांडण चालूच होतं, पण आता निकाल लागणार असं सगळे म्हणत होते. वसाहतीच्या फाटकाशी पोलिसांची गाडी येऊन उभी राहू लागली. संध्याकाळी वडिलांकडे चारजण बसत, हळू आवाजात बोलत, आणि माझी मैत्रीण मागच्या अंगणातून गेली की गप्प होत. शाळेत एके दिवशी आमच्या वर्गातल्या दोन पोरींनी बाक बदलले. मला भीती वाटत होती. कशाची ते सांगता येत नव्हतं.

एक दिवस वडील आईला म्हणाले, "ते मशीन-बिशीन बंद करा आता. ती पोर रोज रोज घरात नको. लोक बोलायलेत."

आई तिच्या बाजूनं बोलली, हे मला इथं सांगायलाच हवं. "लेकरं हायत. खेळू द्या की. संक्रांतीपर्यंत तरी."

"संक्रांतीपर्यंत," वडील म्हणाले. "मग न्हाई."

मी मैत्रिणीला सांगितलं, पण अर्धंच. परीक्षा जवळ आली म्हणून संक्रांतीनंतर खेळ बंद, असं सांगितलं. तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाली, "मग संक्रांतीला आठवी काढायचीच."

आता हसू येईल, पण मला तेव्हा खरोखर वाटत होतं की आठवी शर्यत जिंकली तर आमचं काही बिघडणार नाही. दोघी जिंकलो की सगळं ठीक होईल. एवढ्या एका गोष्टीवर मी सगळी मैत्री लावून बसले होते.

संक्रांतीला शाळेला सुट्टी. वडील गावी गेले होते. आईनं वसाहतीत तिळगूळ वाटायला ताटं भरून ठेवली होती. आम्ही जेवणं उरकून बसलो. त्या दिवशी सगळं आमच्या मनासारखं होत गेलं. उंट बसला तो बदकाच्या वाटेत बसला. बोकड निशाणं खात मागं राहिला. सातवी शर्यत संपली तेव्हा आम्ही एकमेकींचे हात इतके दाबले की माझ्या बांगड्या वाढल्या. आठवी सुरू होणार, तेवढ्यात शेवटच्या क्वार्टरकडून आरडाओरडा ऐकू आला. मग फटाक्यांची माळ. मावशी तिला हाका मारत होती.

"थांबवून ठेव," ती म्हणाली आणि पळाली.

मी बटण दाबलं. ससा आणि डुक्कर रेषेवर शेजारी शेजारी थांबले.

निकाल लागला होता. विद्यापीठाचं जुनं नाव ठेवून त्यालाच नवं जोडलं होतं. आईनं रेडिओ लावला, ऐकला आणि बंद केला. थोड्या वेळानं मैत्रीण आली, आणि आज पुढच्या दारानं आली. नवा फ्रॉक घातलेला, हातात स्टीलची ताटली, वर दुसरी ताटली झाकलेली. "काकू, मायनं शिरा दिलाय. सगळ्यांकडं देयलीय."

आईनं दोन्ही हातांनी ताटली घेतली. "लय मायाळू हाय गं तुझी माय," असंही म्हणाली. मैत्रीण म्हणाली, "अजून दोन घरं राहिलीत, आलेच," आणि गेली. तिची पावलं पायरीवरून उतरेपर्यंत आई ताटली धरून तशीच उभी होती. मग माझ्या हातात देत म्हणाली, "जा, गाईपुढं ठेवून ये. आन् ताटली घासून आण. सणाचं आलेलं अन्न उकिरड्यावर टाकू नये."

आमच्याकडे हीच रीत होती. अशा घरचं आलेलं नाकारायचं नाही, खायचं नाही, आणि फेकायचंही नाही. गाय मधे घालायची, म्हणजे कुणाचा अपमान नाही आणि पापही नाही. फार हुशार रीत आहे. कुणी शोधली असेल त्याला मी आता चार शब्द ऐकवले असते. तेव्हा मी ताटली उचलली आणि मागच्या बाभळीखाली बांधलेल्या गाईकडे गेले.

शिरा गरम होता. वर दोन बदाम, आणि मला आवडतो तसा कडेला थोडा खरपूस झालेला. तो भाग मावशीनं मुद्दाम माझ्यासाठी घातला असणार. मी बोटभर तरी खाल्ला असेल का? नाही. आई खिडकीत होती. मी ताटली खाली ठेवली. गाय चाटू लागली आणि ताटली दगडावर खरडत सरकू लागली. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मान वर केली तर मैत्रीण समोर होती. सवयीनं मागच्या वाटेनं आली होती.

"सांडला," मी म्हणाले. "माझ्या हातून सांडला."

ताटलीतला शिरा नीट गोल मूद होऊन होता, गाईनं खाल्लेली एक बाजू सोडली तर. गाईपुढं ठेव हे आईनं सांगितलं होतं. सांडला हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते माझं.

ती म्हणाली, "हं." मग म्हणाली, "चल, शर्यत राहिलीय."

आम्ही बसलो. मी बटण दाबलं. आयुष्यात ती इतकी चांगली खेळली नव्हती. डुकरानं उंटाला पहिल्याच वळणावर उडवलं, बोकडाला कुंपणात घातलं, बदकाला तर उडूच दिलं नाही. पुलावर माझा ससा घसरला तेव्हा डुकरानं आडवं येऊन त्याला सावरलं. शेवटचं वळण आलं. मी थांबले. डुक्कर माझ्या शेजारी आलं आणि आम्ही रेषेकडे निघालो. ससा रेषेपलीकडे गेला. डुक्कर रेषेच्या हातभर अलीकडे थांबलं.

मला वाटलं तिचं बटण अडकलं. "दाब, दाब ना!" मी ओरडले. तिनं रिमोट मांडीवर ठेवला होता. बदक गेलं. बोकड गेला. बसका उंटसुद्धा उठून आला आणि गेला. मग पडद्यावर सगळी जनावरं रडू लागली आणि पहिलं पान आलं.

"तुझा ससा तर पहिला आला की," ती म्हणाली. तिनं वायरी हाताला गुंडाळल्या, मशीन पिशवीत घातलं आणि ती पुढच्या दारानं गेली. टीव्हीवर नुसत्या मुंग्या उरल्या. न्हाणीच्या खिडकीतला कप त्या दिवशी कोरडाच होता.

दुसऱ्या दिवशी आईनं ताटली घासून-पुसून त्यात तिळाचे लाडू भरले. शेजाऱ्याचं भांडं रिकामं पाठवू नये, हीही आमची रीत. ती घेऊन मी पन्नास पावलं चालत गेले. इतकी लांब ती कधीच वाटली नव्हती. मावशी दारातच होती. "ये गं, बस," म्हणाली. मग काळजीनं विचारलं, "शिऱ्यात साखर कमी झालती का गं? घाईघाईत केला."

तिला काही माहीत नव्हतं. पोरीनं घरीही सांगितलं नव्हतं.

"लय चांगला झालता, मावशी," मी म्हणाले.

मैत्रीण आतून आली. मागं फळीवर मशीन रुमालात गुंडाळून ठेवलेलं दिसत होतं. तिनं माझ्या हातातून ताटली घेतली, झाकण काढलं, एक लाडू उचलला आणि माझ्याकडे बघत अख्खा तोंडात घातला. सावकाश चावला, गिळला.

"आमच्याकडं गाय न्हाई," ती म्हणाली.

मावशी हसायला लागली. "येडी का काय! लाडू खायला गाय कशाला लागती?" आणि हसत हसत तिनं मला विचारलं, "काय गं, हिला काय झालंय?"

मी म्हणाले, "काय माहीत."