हत्यारं पूजेत, ट्रेलर रस्त्यात

दसऱ्याला सगळं जग म्हैसूरला येतं. नेमक्या त्याच दिवशी आम्ही म्हैसूरबाहेर पडायचं ठरवलं, तेही मागे ट्रेलर लावून. आमचं घर नजरबादला. मिरवणुकीसाठी पोलिसांनी एकदा अडथळे लावले की आमच्या गल्लीतून सायकलसुद्धा हलत नाही, म्हणून उजाडायच्या आत निघणं भाग होतं. ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढून न्यायची चाकांवरची खोली. माझ्या नवऱ्याने, सुधीरने, तो बंगळूरच्या एका शहाण्या माणसाकडून जुना विकत घेतला. शहाणा अशासाठी, की त्याने विकून टाकला.

तेव्हापासून सुधारणा चालू आहेत. छतावर सोलर पॅनेल चढलं, इन्व्हर्टर आला, पाणी शुद्ध करायचं यंत्र आलं, टीव्हीची अँटेना आली आणि रंग बदलणारे दिवेही आले. त्यामुळे उभ्या जागी आमचा ट्रेलर लग्नाच्या हॉलसारखा दिसायचा. फाटकाबाहेर मात्र तो कधी गेला नव्हता. तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात ट्रेलरचं खूळ असेल तर माझा फुकटचा सल्ला: शोभेचं सामान नंतर घ्या. आधी छताचे सांधे सीलंटने बंद करा, टायर तपासा, गाडीशी जोडायचा हुक तपासा आणि चाकांच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरा. सुधीरने यातलं ग्रीस तेवढं सोडून सगळं केलं होतं. ग्रीस फोटोत दिसत नाही ना!

माझी मागणी एकच होती, आत कमोड हवा आणि धरायला भक्कम दांडी हवी. सुधीरला वाटलं, आईच्या गुडघ्यांसाठी. सासूबाई (मी त्यांना आईच म्हणते) ऐंशीच्या घरात आहेत, आणि त्यांना सारखं बाथरूमला जावं लागतं. हे त्यांनी फक्त मला सांगितलं होतं, बाकी सगळ्यांना त्या 'गुडघे' सांगायच्या. त्यांची धाकटी बहीण, कमळामावशी, पिरियापट्टणला राहते. एरवी दोन तासांचासुद्धा रस्ता नाही. पण मावशींचे यजमान गेले तेव्हा आई गेल्या नाहीत, कारण गुडघे. पुढे माझे सासरे गेले तेव्हा मावशी आल्या नाहीत, कारण ब्लडप्रेशर. तेव्हापासून दोघी फोनवर पाऊस, भाजी आणि तूरडाळीचा भाव एवढंच बोलायच्या. यंदा मावशी आजारी पडून उठल्या आणि आई म्हणाल्या, "कमळीला एकदा बघू या गं. नंतर कोण, केव्हा, काय सांगावं, अल्वा, नाही का?"

आदल्या दिवशी आयुधपूजा झाली. ट्रेलरला केळीचे खांब बांधले, चाकांखाली लिंबं ठेवून चिरडली, कोहळा फोडला. आणि सुधीरची पाने-पकडींची पेटी हळदकुंकू लावून देवीपुढे गेली. पूजेतलं हत्यार उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही, हा घरचा नेम. उत्तरपूजा दसऱ्याच्या दुपारी. ती मागे राहणारी माझी नणंद करणार होती. आम्ही निघणार पहाटे.

"आई, एक पाना तरी घेऊ दे," सुधीर गयावया करत म्हणाला.

"बेडा, नको. देवीपुढचं उचलायचं नाही म्हणजे नाही. एवढ्याशा रस्त्याला काय होतंय?"

चाळीस लाखांच्या यंत्रांच्या गप्पा मारणारा माझा इंजिनियर नवरा निमूटपणे गाडीत बसला.

हुणसूर रोड चांगला आहे. ट्रेलर मागे असेल तर पन्नाशीच्या वर वेग न्यायचा नाही आणि डिझेलचा हिशेब दीडपट धरायचा. चालत्या ट्रेलरमध्ये कुणी बसायचं नसतं, म्हणून आई गाडीत आमच्याबरोबर आणि थांबलो की मागे. इलवालच्या पुढे झाडाखाली पहिल्यांदा थांबलो. आई ट्रेलरमध्ये जाऊन आल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "स्वल्प कॉफी मिळते का बघ की." घराबाहेर त्यांना काही पिताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. टपरीवरची कॉफी अतिगोड होती. त्यांनी दोन पेले घेतले.

हुणसूर जवळ आलं आणि जळका वास यायला लागला. सुधीर म्हणाला, शेतात काहीतरी पेटवलं असेल. शेत आमच्याबरोबर ताशी चाळीसने येत होतं. शेवटी थांबून त्याने ट्रेलरच्या डाव्या चाकाजवळ हात नेला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. बेअरिंग कोरडं पडून तापलं होतं. ग्रीसचा डबा आमच्याजवळ होता, इन्व्हर्टर होता, अँटेना होती. चाक खोलायला पाना नव्हता.

रखडत एका गॅरेजपर्यंत पोचलो. तिथे झेंडूची तोरणं होती, देवीची तसबीर होती आणि तिच्यापुढे झाडून सगळी हत्यारं कुंकू लावून मांडलेली होती. मालक नव्या पंच्यात खुर्चीवर बसले होते.

"इवत्तु मुट्टंगिल्ला सार्," ते हात जोडून म्हणाले. आज हात लावायचा नाही, उद्या या. पुढची दोन गॅरेजं तर बंदच होती. अख्ख्या तालुक्यातले पाने देवीसमोर विश्रांती घेत होते. सुधीर म्हणाला, "परत जाऊ या का?" परत जायलाही तेच चाक लागणार होतं.

गाडीचं दार उघडून आई खाली उतरल्या आणि गॅरेजात शिरल्या. मालकांना कन्नडात विचारलं, पूजा कधी झाली? काल. नैवेद्य दाखवला? दाखवला. मग उत्तरपूजा का राहिली? संध्याकाळी भटजी येणार आहेत.

"देवीचा कालच ऊटा झाला," आई म्हणाल्या. "जेवण झालेल्या पाहुणीला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवता होय? तांदूळ आणा."

मालक तांदूळ घेऊन आले. त्यांना दुसरं काही सुचलं नसावं. आईंनी कुंकू कालवून अक्षता केल्या, डोळे मिटून पुटपुटल्या, अक्षता हत्यारांवर टाकल्या आणि सगळ्यांत मोठा पाना बोटभर सरकवला. "आयितु, झालं. घ्या आता."

"आई!" सुधीरचा आवाज चिरकला. "मग आपली पेटी?"

"घरी घरचा नेम. इथे मला कमळीकडे जायचंय."

मालकांना हसू आवरेना. त्यांनी आणि सुधीरने मिळून चाक उतरवलं. बेअरिंग अजून शाबूत होतं. ते धुऊन, ग्रीस भरून बसवलं आणि आम्ही निघालो. मालकांनी पैसे घेतले नाहीत, वर केळी दिली.

पिरियापट्टणला मावशींच्या गल्लीत ट्रेलर शिरेना, म्हणून तोंडाशीच उभा केला. मावशी काठी टेकत बाहेर आल्या. किती वर्षांनी भेटत होत्या! मला वाटलं, आता गळ्यात पडतील.

"आलीस, अक्का? गुडघे बरे दिसतात," मावशी म्हणाल्या.

"तुझंही ब्लडप्रेशर बरं दिसतंय," आई म्हणाल्या.

ही शीतलहर मोडायला सुधीरने ट्रेलर दाखवायला काढला. दिवे निळे झाले, हिरवे झाले, गुलाबी झाले. मावशींनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मागचं छोटं दार उघडून त्या कमोडकडे बघत राहिल्या.

"हे कुणाला?"

आईंनी सुधीरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मला," त्या म्हणाल्या. "सारखं लागतं. गुडघ्यांचं सुम्ने, उगीच सांगत होते. तुझे यजमान गेले तेव्हा दोनदा पातळ नेसून तयार झाले होते गं. वाटेत काय करू, तुझ्या घरी एवढ्या माणसांत काय करू, म्हणून सोडून ठेवलं."

मावशींनी दांडी धरली. "मला पण, अक्का. तेच. भावजी गेले तेव्हा बसस्टँडवरून परत आले मी."

सुधीरने दिवे बंद केले. एवढ्या सुधारणांतली ही पहिली कामाची. दोघी कॉटवर शेजारी बसल्या, आधी रडल्या आणि मग असं काही हसल्या, की गल्लीतली माणसं डोकावून गेली. मी बाहेर उभी होते. मला दोघींचा राग आला होता आणि रडूही येत होतं. एकमेकींचा नवरा गेला तरी न भेटलेल्या या सख्ख्या बहिणींच्या मध्ये एवढंसं काहीतरी उभं होतं, आणि ते एकीनेही दुसरीला सांगितलं नव्हतं.

रात्र तिथेच काढून दुसऱ्या दिवशी परतलो. जाताना आलेला जळका वास येताना आला नाही. ट्रेलर आता पुन्हा दारात उभा आहे, आणि सुधीर मागे कॅमेरा बसवायचं म्हणतोय. बसव म्हटलं. मी आता त्या खोक्याला नावं ठेवते ती निव्वळ सवय म्हणून.

परवा मावशींचा फोन आला. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून त्या ओरडून बोलतात आणि आम्हाला सगळं कळतं. त्या लग्नाला गेल्या होत्या, पुढच्या गल्लीत, बऱ्याच वर्षांनी.

"अय्यो! आणि मग गं?" आईंनी विचारलं.

"गेल्या गेल्या यजमानीणबाईंना विचारलं, बाथरूम कुठे आहे म्हणून."

"मग?"

"मग काय, दाखवलं त्यांनी."

"एवढंच?"

"अष्टे, अक्का. एवढंच."