टॉवेलाखालचं कापड

सेनगावच्या शाळेत मुलींना पाळीबद्दल सांगून, बोलून बोलून थकून घरी आले. दोरीवरचा टॉवेल ओढला तर खालून कुबट वास आला आणि नववीतली मैत्रीण रेहाना आठवली.

तेव्हा मांड्यांना पुरळ उठून मला चालवत नव्हतं.

"कापड कुठं वाळू घालतीस?" तिनं विचारलं.

"परकराखाली."

"काहून? उन्हाला कशाची लाज?"

माझी ओली कापडं तिनं नेली आणि तिच्या अंगणात भर उन्हात दोरीवर टाकली. मी शरमेनं तोंड फिरवलं. तिच्या अम्मीनं चिमटे आणून लावले.

तिचंच वाक्य मी वीस वर्षं पोरींना सांगून राहिले. आज टॉवेलाखाली माझ्या लेकीचं कापड होतं. सासूबाईंना दिसू नये म्हणून तसं वाळू घालायला मीच तिला शिकवलंय.