फिटरीणबाईंचं सरपण

फिटरीणबाई कुणाचं काही फुकट घेत नसत. आईनं ताकाचा तांब्या पुढं केला तरी आधी विचारायच्या, "कितीचं?"

"अगं बाई, ताक कुठं इकतेत का?" आई म्हणायची.

"परक्या मुलखात मिंधं होऊन राहू नये, अक्का."

नवरा सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगात फिटर. दोघं इंग्रजी मुलखातून, नगरकडून निजामाच्या राज्यात आलेली, आमच्या गोठ्याला लागून असलेल्या खोलीत राहायची. आमचं सरपण रानातलं. न्हाव्याला, कुंभाराला सुगीत धान्य घातलं की वर्ष निघायचं. त्यांना इथं रान नाही, त्यामुळं गोवरीपासून दाढीपर्यंत सगळं रोख. पगार निजामाच्या हाली रुपयात, गावाकडं सासूला पाठवायचे इंग्रजी कलदार. बदलताना पुन्हा तूट. बाई म्हणायच्या, "तुमचं नुसतं राहणं, अक्का. आमचं राहणंसुद्धा विकतचं."

एकदा मी आपणहून पऱ्हाट्यांचा भारा त्यांच्या दारात टाकला. बाईंनी माझ्या हातावर दोन पैसे ठेवले. "मी काय मोळीविक्या हाय का?" म्हणून ते मी तिथंच फेकले आणि त्या दारी पाऊल टाकायचं सोडलं.

श्रावणात जिनिंग बंद, पगारही बंद. त्यातच फिटर तापानं गेला. आठ दिवसांची पावसाची झड लागलेली. आमच्यात मयत झालं की न सांगता घरोघरून लाकूड, गोवऱ्या येतात. त्या दिवशी कुणीच आणलं नाही. "तिला फुकटचं चालत न्हाई, बाबा. उगं अपमान व्हायचा," म्हणत गल्ली आपापल्या दारात उभी. बाई लाकडाच्या बदल्यात द्यायला पितळी घागर घेऊन वखारीवर गेल्या आणि घागर तशीच घेऊन परत आल्या. लाकूड ओलं, भाव सुक्याचा.

सुकं लाकूड फक्त आमच्या गोठ्यात होतं. ते मीच रचलेलं. मी त्याला टेकून बसलो. म्हटलं, मागू दे तिला तोंडानं. त्या मागायला आल्या नाहीत. दिवस कलला.

शेवटी वडील आले. "मढं दारात हाय अन् तू रुसून बसायलास?"

मी भारा डोक्यावर घेतला. मला बघून सगळी गल्ली गोवऱ्या घेऊन निघाली.

तिसरा उरकून बाई नगरला निघाल्या. जाताना माझ्यापुढं, एकोणीस वर्षांच्या पोरापुढं, हात जोडून वाकल्या. "उपकार झाले, मालक."

अजून गड्यानं मला मालक म्हटलं की मी त्याच्या अंगावर जातो. लोक म्हणतात, म्हातारा तिरसट आहे. म्हणू द्या.